बंद खोलीतली गिटार

जिमी पेज हे नाव घेतलं की रॉक ऐकणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांसमोर ठरलेलं चित्र येतं. लांब पट्ट्यावर मांड्यांपर्यंत लोंबणारी गिब्सन लेस पॉल, नाहीतर 'स्टेअरवे टू हेवन'साठी गळ्यात अडकवलेली ती दोन मानांची लाल गिटार. हॉस्टेलच्या खोल्यांच्या भिंतींवर हीच चित्रं असायची, टी-शर्टांवर आजही हीच असतात. पण पेजच्या लेड झेपलिन या बँडची पहिली रेकॉर्ड लावा. तिच्यावर यांपैकी एकही गिटार नाही. तिथे वाजते आहे १९५९ सालची एक फेंडर टेलिकास्टर. आणि 'स्टेअरवे'चा तो सोलो, म्हणजे गिटारने एकटीने पुढे येऊन वाजवलेला तुकडा, ज्याच्यासाठी जगभरच्या पोरांनी आपली बोटं सोलून घेतली, तोसुद्धा पेजने स्वतः सांगितल्याप्रमाणे याच टेलिकास्टरवरचा आहे.

हे मला कळलं तेव्हापासून मी ती गाणी वेगळ्या कानाने ऐकायला लागलो. स्टेजवर गिटार निवडताना वादक लोकांचाही विचार करतो. ती कशी दिसते, मागच्या रांगेपर्यंत पोचते का, तिचा रुबाब कसा आहे, हे सगळं त्यात येतं आणि त्यात गैर काही नाही. स्टुडिओत मात्र दार बंद होतं, लाल दिवा लागतो आणि समोर फक्त माइक असतो. अशा वेळी वादकाचा हात कुठल्या वाद्याकडे जातो, यावरून तो वादक मला जास्त कळतो.

पेजच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे, कारण तो घडलाच मुळी स्टुडिओत. साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात लंडनमधला तो अतिशय मागणी असलेला सेशन गिटारवादक होता. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या, कधी पॉप गाणं, कधी जाहिरात, कधी चित्रपटाचं पार्श्वसंगीत. समोर जे येईल ते वाजवायचं आणि वेळेत वाजवायचं. लक्ष देणाऱ्या माणसासाठी ती शाळाच होती. माइक कुठे ठेवल्यावर ड्रम मोठे वाटतात, कुठे ठेवल्यावर डब्यात वाजल्यासारखे येतात, कुठला सूर गायकाच्या आवाजाच्या आड येतो, हे तो रोज पाहत होता. पुढे स्वतःचा बँड झाला तेव्हा निर्माता म्हणून तोच बसला, ते याच शिदोरीवर.

१९६५ च्या मार्चमध्ये एरिक क्लॅप्टनने यार्डबर्ड्स हा बँड सोडला. त्याच्या जागी पेजला विचारणा झाली. सेशनचं काम जोरात चालू होतं, त्याने नाही म्हटलं आणि आपल्या मित्राचं नाव सुचवलं: जेफ बेक. दोघं पोरसवदा असल्यापासूनचे दोस्त. बेक गेला आणि त्या बँडमध्ये त्याने जे काही केलं त्याने रॉक गिटारचा नकाशाच बदलला. पुढे १९६६ मध्ये पेजही यार्डबर्ड्समध्ये आला, आधी बेस गिटारवर आणि मग बेकच्या जोडीला मुख्य गिटारवर. तू माझं नाव सुचवलंस, या ऋणापोटी बेकने आपली टेलिकास्टर पेजला देऊन टाकली. फिकट पिवळसर पांढऱ्या रंगाची, यार्डबर्ड्सच्या दौऱ्यांत आणि रेकॉर्डिंगांत वाजवलेली.

एका गिटारवाल्याने दुसऱ्याला आपली वाजती गिटार देणं काय असतं, हे वाद्य वाजवणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिच्या मानेवर एका हाताची सवय बसलेली असते. बेकसारखा माणूस ती देतो तेव्हा त्या लाकडाबरोबर आणखी बरंच काही देतो, असं मी मानतो.

आता टेलिकास्टर म्हणजे नेमकं काय, ते थोडं बघायला हवं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने १९५० च्या सुमारास ही गिटार बाजारात आणली. लिओ स्वतः गिटारवादक नव्हता, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता, आणि त्याने गिटारसुद्धा त्याच नजरेने बनवली. पोकळ पेटी नाही, एक सपाट भरीव फळी. तिच्यावर चार स्क्रूंनी बसवलेली मान. मान खराब झाली तर काढा, दुसरी लावा. दोन पिकअप, दोन बटणं, एक स्विच, संपलं. आधी तिचं नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीचे त्याच नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली, म्हणून १९५१ पासून ती टेलिकास्टर झाली.

खरी जादू ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे आहे. पिकअप म्हणजे चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. टेलिकास्टरचा ब्रिजजवळचा पिकअप एकेरी वेढ्याचा असतो, तिरका बसवलेला असतो आणि एका धातूच्या पत्र्यात धरलेला असतो. तिथून निघणारा आवाज उघडा असतो, काहीसा धारदार. तार छेडल्याचा पहिला क्षण त्यात जसाच्या तसा येतो, बोटाची चूक झाली तर तीही येते. शिवाय एकेरी वेढा आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतो. गिब्सनने हीच घरघर घालवण्यासाठी पन्नाशीच्या दशकात दुहेरी वेढ्याचा हंबकर काढला. तो जाडसर, गोलसर, तुपकट आवाज म्हणजेच लेस पॉलची ओळख. आणखी एक गंमत सांगतो. जुन्या टेलिकास्टरला सहा तारांना मिळून तीनच सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे तारांचे टेकू असतात, दोन तारांना एक. त्यामुळे गिटार वरच्या फ्रेटपर्यंत अगदी काटेकोर सुरात येणं अशक्यच. वादकाला कानाने आणि बोटांनी ते सांभाळून घ्यावं लागतं.

म्हणजे कागदावर मांडलं तर ही गिटार स्टुडिओसाठी गैरसोयीची: घरघर करते, सुरात पूर्ण येत नाही, चुका लपवत नाही. आणि तरीही गेली सत्तरहून अधिक वर्षं रेकॉर्डिंगवाले तिच्यावर जीव टाकतात.

याचं कारण मला पुण्यात उमगलं. एका मित्राच्या बँडचं मराठी गाणं कोथरूडच्या एका घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड होत होतं. गिटारवाल्याकडे दुहेरी पिकअपची दणकट गिटार होती. एकटी वाजली की खोली भरून जायची. पण खाली बेस आला, मागे कीबोर्ड आला, वर गायक आला, आणि ती गिटार कुठे गेली ते कळेना. ट्रॅक वर करावा तर गायक बुडतो, खाली करावा तर गिटारच नाही. रेकॉर्डिस्टने शांतपणे कोपऱ्यातली टेलिकास्टर धाटणीची गिटार उचलून दिली आणि ॲम्पचा गेन, म्हणजे सूर फाडणारा जोर, निम्म्यावर आणायला सांगितलं. एकटी ऐकताना ती किरकोळ वाटली. गाण्यात मात्र बेसच्या वर आणि गायकाच्या बाजूला तिने आपली जागा बरोबर शोधली. दुसरं काहीच बदललेलं नव्हतं. रेकॉर्डिस्ट एवढंच म्हणाला, "ही बाकीच्यांना बसायला जागा देते." मला वाटतं, स्टुडिओच्या गिटारची याहून चांगली व्याख्या होणार नाही.

पेजला हे सेशनच्या दिवसांपासून माहीत होतं. १९६८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नैर्ऋत्य लंडनमधल्या बार्न्सच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपलिनची पहिली रेकॉर्ड झाली. रेकॉर्डिंगला ग्लिन जॉन्स. पेजच्या म्हणण्याप्रमाणे स्टुडिओचा वेळ सगळा मिळून सुमारे ३६ तास, आणि खर्च त्याच्याच खिशातून. बँड नुकताच स्कँडिनेव्हियाचा दौरा करून आलेला, गाणी बोटांत बसलेली. त्या रेकॉर्डवरची जवळजवळ सगळी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बेकने दिलेली ती टेलिकास्टर. सोबत टोन बेंडर नावाची, सूर खरखरीत करणारी फझची डबी, व्हायोलिनचा गज आणि एक लहानसा सुप्रो ॲम्प.

हा सुप्रो मला फार आवडतो. ती रेकॉर्ड ऐकून लोक वर्षानुवर्षं समजत आले की मागे मार्शल कंपनीच्या मोठमोठ्या ॲम्पच्या भिंती असणार. प्रत्यक्षात एका माणसाला सहज उचलता येईल असा, १२ इंची स्पीकरचा तो ॲम्प. लहान ॲम्प लवकर फुलतो, म्हणजे थोड्या आवाजातच त्याच्या ट्यूब आपल्या मर्यादेला पोचून सूर तुटायला लागतो, आणि तो तुटणारा सूर माइकला मोठा वाटतो. त्यात पेज एक माइक ॲम्पजवळ ठेवायचा आणि एक लांब, खोलीत. जवळच्या माइकवर बोटांचा आवाज येतो, लांबच्या माइकवर खोली वाजते. दोन्ही मिसळले की ऐकणाऱ्याला मधलं अंतर जाणवतं. पहिल्या रेकॉर्डमधला तो भव्यपणा या अंतरातून आला आहे. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'च्या सोलोसाठी तर त्याने ऑर्गनला लावतात तो गरगर फिरणारा लेस्ली स्पीकर वापरला. त्या सोलोतले सूर वळवळत आल्यासारखे वाटतात ते त्यामुळे. अशा प्रत्येक ठिकाणी टेलिकास्टरचा उघडा, धारदार सूर कामी आला. मुळात जाड असलेला आवाज या सगळ्यातून गेला असता तर त्याचा चिखल झाला असता.

गजाचंही सांगायला हवं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'च्या मध्यभागी गिटार कण्हायला लागते, ते व्हायोलिनच्या गजाने. ही कल्पना त्याला एका सेशनमध्ये व्हायोलिनवादक डेव्हिड मॅकॉलम यांनी सुचवली. व्हायोलिनचा ब्रिज कमानीसारखा असतो, त्यामुळे गज एकेका तारेवर नेमका ठेवता येतो. गिटारच्या तारा जवळजवळ एका पातळीत असतात, गज टेकवला की दोन-तीन तारा एकदम बोलतात. ही अडचणच पेजने आवाज म्हणून वापरली.

१९६७ मध्ये पेजने या गिटारचं रूप दोनदा बदललं. आधी तिच्यावर गोल आरसे चिकटवले, स्टेजवरच्या दिव्यांचा प्रकाश परतून अंगावर येईल असे. मग आरसे काढले, मूळ रंग खरवडला आणि स्वतःच्या हाताने त्यावर ड्रॅगन रंगवला. तो सटनच्या कला महाविद्यालयात शिकलेला, चित्रकलेचा हात होताच. आज १९५९ च्या गिटारवरचा मूळ रंग कुणी खरवडायला घेतला तर संग्राहक त्याचा हात धरतील.

इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे, कारण 'विंटेज' या शब्दाभोवती आज जो बाजार उभा राहिला आहे त्यात ती हरवते. १९६८ मध्ये ही गिटार नऊ वर्षांची होती. 'स्टेअरवे'च्या वेळी बारा वर्षांची. विंटेज वगैरे काही नाही, सरळ सेकंडहँड. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट लेस पॉल आज लाखो डॉलरला जातात. फेंडरच्या बाबतीत १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली त्याआधीची का नंतरची, यावर किंमत ठरते. एकेक स्क्रू मूळचा आहे का ते भिंगाखाली पाहिलं जातं. मला त्या वस्तूंबद्दल आदर आहे. लाकूड मुरतं, जुन्या पिकअपचा आवाज वेगळा येतो, हे मी कानांनी ऐकलं आहे. पण आपण ज्या आवाजाच्या मागे धावतो तो आवाज काढणाऱ्यांनी वाद्याला अवजारासारखं वापरलं. आरसे लावले, रंग काढला, मान बदलली. बटणं फिरवून फिरवून झिजवली. कपाटात बंद ठेवलेल्या कुठल्याच गिटारने तो आवाज दिलेला नाही. महागडी जुनी गिटार विकत घेऊन ती फक्त रविवारी पुसून ठेवणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटतं, गिटारबद्दल तर जास्तच.

मग १९६९ मध्ये ते घडलं. पेज अमेरिकेच्या दौऱ्यावरून घरी परतला, तर एका मित्राने त्याच्यासाठी भेट तयार ठेवली होती. त्याने ड्रॅगनवर आपल्या कल्पनेने नवा रंग चढवला होता, अगदी प्रेमाने. पेजने नंतर सांगितलं की त्यात गिटारचं वायरिंग आणि आवाज दोन्हींची वाट लागली, एकच पिकअप वाजत राहिला. त्याने तो रंग काढून टाकला, पुढे काही वर्षांनी मान वाचवून दुसऱ्या एका टेलिकास्टरवर बसवली. एका मित्राने प्रेमाने दिलेली गिटार दुसऱ्या मित्राच्या प्रेमाने उद्ध्वस्त झाली. दोघांचाही हेतू तोच होता. मी हा प्रसंग कुणाला सांगतो तेव्हा ऐकणारा त्या मित्रावर चिडतो. मला चिडता येत नाही. आपण काहीतरी सुंदर केलं या आनंदात दारात उभा असलेला तो माणूस आणि गिटारकडे पाहणारा पेज, या दोघांमध्ये त्या वेळी काय बोलणं झालं असेल, याचा विचार मात्र मनात येतो.

त्याच सुमारास पेजने अमेरिकन गिटारवादक जो वॉल्शकडून १९५९ ची लेस पॉल घेतली. दुसरी रेकॉर्ड तिच्यावर झाली आणि स्टेजवर ती कायमची बसली. टेलिकास्टरची गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण १९७१ मध्ये, लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या आयलंड स्टुडिओत 'स्टेअरवे'चा सोलो बाकी होता. गाणं आठ मिनिटांचं. सुरुवातीला साधी अकूस्टिक गिटार आणि बासऱ्यांसारखे रेकॉर्डर, मग बारा तारांची गिटार, मग ड्रम, आणि सहाव्या मिनिटाच्या तोंडाशी सगळं वर चढून एका ठिकाणी येऊन थांबतं. तिथे सोलो हवा होता. लेस पॉल हाताशी होती. पेजने टेलिकास्टर उचलली. हेडफोन लावले नाहीत. मागचा ट्रॅक स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर लावायला सांगितला आणि त्या स्पीकरला टेकून वाजवलं. सोलो आधी लिहून ठेवलेला नव्हता. काही सुरुवातीचे तुकडे डोक्यात होते, बाकी तिथेच. तीन टेक झाले, तिन्ही वेगळे, त्यातला एक ठेवला.

तो टेक मी अनेकदा हळू करून ऐकला आहे. खाली ए मायनर, जी, एफ हे तीन कॉर्ड फिरत राहतात. पेजचे बहुतेक सूर ए मायनर पेंटॅटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांचे. पण एफचा कॉर्ड येतो तिथे तो त्या पाचांबाहेरचा एफ हा सूर घेतो आणि त्यावर टेकतो. कोमल धैवतासारखा तो सूर आहे, आणि कानाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. पिकच्या टोकाचा तारेवरचा खरखरीत स्पर्श ऐकू येतो. तार वर ओढून सूर गाठताना तो किंचित आधी पोचतो, किंचित उशिरा सोडतो. शेवटाकडे तेच छोटे तुकडे परत परत, अधिकाधिक घाईने येतात, आणि मागून स्लाइडची दुसरी गिटार उत्तर देते. टेलिकास्टरच्या उघड्या आवाजामुळे यातलं काहीच झाकलं जात नाही. जाड आवाजाच्या गिटारवर हाच सोलो गुळगुळीत झाला असता, आणि मला खात्री आहे की तो इतका बोलका वाटला नसता.

मंचावर मात्र पेजला ते गाणं वाजवायला दोन मानांची गिब्सन घ्यावी लागली, कारण बारा तारा आणि सहा तारा दोन्ही एकाच गाण्यात लागतात. मग लोकांच्या मनात गाणं आणि ती लाल गिटार यांची जोडी पक्की झाली. आपल्याकडेही तेच चित्र पोचलं. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. इथल्या वादकांबरोबर त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती २०१५ मध्ये 'कोडा' या त्यांच्या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीत अखेर बाहेर आली. तबला आणि तंतुवाद्यांच्या मध्ये बसलेला पेज ऐकणं हा माझ्यासारख्या मराठी श्रोत्याला वेगळाच आनंद आहे. स्वतःची जागा करून घेण्याआधी दुसऱ्याला जागा द्यायची त्याची सवय तिथेही ऐकू येते.

पेजने त्या टेलिकास्टरला विसरून टाकलं नाही. तिचा रंग उतरलेला, नग्न देह जपून ठेवला, आणि जुन्या फोटोंच्या आधारे ड्रॅगन पुन्हा रंगवून घेतला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये रॉकच्या वाद्यांचं प्रदर्शन भरलं, तिथे ती मांडली गेली, आणि त्याच वर्षी फेंडरने तिच्या आरशांच्या आणि ड्रॅगनच्या प्रतिकृती काढल्या. २००९ मध्ये जेफ बेकला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला तेव्हा त्याची ओळख करून द्यायला उभा राहिला तो पेजच. बेक २०२३ च्या जानेवारीत गेला.

हे सगळं वाचून कुणाला ती गिटार ऐकावीशी वाटली तर चांगले हेडफोन लावून दोन गाणी पाठोपाठ ऐका. आधी पहिल्या रेकॉर्डमधलं 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन', अडीच मिनिटांचं, टेलिकास्टरवरचं. मग दुसऱ्या रेकॉर्डमधलं 'होल लॉटा लव्ह', लेस पॉलवरचं. दोन्हींत तोच माणूस, तेच हात. पहिल्यात प्रत्येक झटक्याची कड ऐका, बेस आणि गिटार यांच्यामधली मोकळी जागा ऐका. दुसऱ्यात ती जागा भरून काढणारी लाट ऐका. आणि मग 'स्टेअरवे' लावा, पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांपासून, आवाज थोडा वर करून.